घरी उजेड, शेजारी राख



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. दरवर्षी आपली कुटुंबे त्या दीक्षाभूमीला वंदन करायला जातात. त्याच चंद्रपुरात औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी दिसतात. क्षमता २९२० मेगावॉट. वीज तारांतून दूरदूरच्या शहरांत जाते; धूर आणि राख मात्र चंद्रपूरच्या वाट्याला येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा प्रदूषणात चंद्रपूर देशात चौथे होते.

मग वीज नको म्हणायचे काय? मुळीच नाही. कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या आपल्या मागच्या पिढीला विजेचे मोल ठाऊक आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत, आणि उद्योग वाढल्याशिवाय जनता दारिद्र्यातून सुटणार नाही, असे त्यांनी १९४३ सालीच मांडले. विजेवर गरिबाचा हक्क आहे. प्रश्न आहे तो राखेचा.

मी कारकून माणूस, हिशेबाने बोलतो. कोळशावरच्या एका युनिट विजेला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण शेकडा ३० ते ४० असते. म्हणजे एका युनिटमागे साधारण पाव किलो राख! जुना पंखा ७५ वॉट घेतो, कमी विजेचा नवा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालवला तर महिन्याला १६ युनिट वाचतात, म्हणजे चार किलो राख. शंभर घरांच्या वस्तीने एकेक पंखा बदलला तर दरमहा चार क्विंटल राख कमी. नवा पंखा महाग आहे खरा. म्हणून जुना बिघडेल तेव्हाच बदलावा. वाचलेले बिल तर आपल्याच खिशात राहते.

ही राख जाते कुठे? पाण्यात कालवून तळ्यांत साठवतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत शिरले. त्या शेतकऱ्यांनी आपली विजेची बिले चुकवली नव्हती. तरी शिक्षा त्यांना झाली.

पंचशीलातील दुसरे शील सांगते, न दिलेले घेऊ नये. वस्तीत कोणी तारेवर आकडा टाकतो तेव्हा हे शील मोडते. रीतसर मीटरसाठी भांडावे, पण आकडा टाकू नये. त्यात जीवही जातो. तसेच शेजारच्या गावाची स्वच्छ हवा आणि पाणी त्यांनी न देता घेणे, हेही अदत्त घेणेच आहे. हे शील मोठ्या वीज केंद्रालाही लागू आहे.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. पहिली, घरातली वीज जपून वापरावी. दुसरी, ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे त्यांनी सौर पॅनेलचा विचार करावा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३० हजार रुपये अनुदान ठरले आहे. एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला चारेक युनिट देते. चाळीतल्या भाडेकरूला छप्पर नाही. पण विहाराला आहे. वर्गणी काढून विहारावर पॅनेल बसवले तर मुलांच्या अभ्यासिकेचे बिल आटोक्यात येईल. तिसरी, ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर करण्याची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली आहे. विटा, सिमेंट, रस्ते यांत ती वापरता येते. केंद्राजवळ राहणाऱ्या बांधवांनी ग्रामसभेत आणि जनसुनावणीत उभे राहून विचारावे: आमच्या गावाजवळच्या राखेचा हिशेब द्या.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. आपल्या घरातला दिवा कोणाच्या शेतावर राख टाकून पेटतो, हेही आता शिकले पाहिजे.