जुन्या शेगडीचा जीर्णोद्धार

“जुनें तें सोनें” ही म्हण सोन्याच्या बाबतींत खरी. कारण सोनें गंजत नाहीं. लोखंडास मात्र नुसतें जुनेपण सोसत नाहीं, त्याची निगा राखावी लागते. माजरीसारख्या कोळशाच्या खाणींच्या गांवीं आजोबांच्या वेळची एखादी बिडाची किंवा जाड पत्र्याची शेगडी व तिजवरील भाजण्याची जाळी परसांत पडलेली आढळते. घरांत गॅस आल्यापासून तिला कोणी विचारीत नाहीं, आणि एके दिवशीं ती भंगाराच्या काट्यावर चढते. जिच्यावर घरच्या तीन पिढ्यांनीं कणसें व वांगीं भाजून खाल्लीं, ती वस्तु खरोखर निकामी झाली आहे काय, हें आधीं तपासावें. तें कसें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

विद्यार्थिमित्रहो, प्रथम गंज म्हणजे काय तें समजून घ्या. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं एकत्र आलीं म्हणजे गंज उत्पन्न होतो. आपल्या जिल्ह्यांत लोहारा येथें लोखंडाचा उत्तम दगड सांपडतो. त्यांतहि लोखंड व प्राणवायु यांचाच संयोग आहे. जमशेटजी टाटांनीं १८८२ सालीं या दगडाविषयींचा अहवाल वाचून येथें लोखंड गाळण्याचा विचार केला होता. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या भट्टीच्या कामास उतरला नाहीं, व तो बेत राहिला. दगडांतून लोखंड काढणें इतकें कष्टाचें आहे. आणि गंज चढणें म्हणजे त्या लोखंडानें पुन्हां दगडाच्या वाटेस लागणें होय. गंज लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून त्याचे पोपडे सुटतात व आंतील चांगलें लोखंड उघडें पडतें. त्यांत शेगडीचें दुर्दैव असें कीं, राख ओलावा धरून ठेवते आणि काजळींतील गंधकाचा अंश पाण्याशीं मिळून आम्ल बनतो. यास्तव शेगडीचा नाश विस्तवापेक्षां राखेसह काढलेल्या पावसाळ्यांत अधिक होतो.

आतां परीक्षा. बिडाची शेगडी हलक्या हातोडीनें वाजवून पाहावी. खणखणीत नाद आला तर ती अखंड. बद्द आवाज आला तर कोठें तरी तडा गेला आहे. पत्र्यास खिळ्याचें टोंक दाबून पाहावें. तें आरपार गेलें तर तेवढा भाग संपला. जाळी व दार लोहाराकडून नवीं करून घेतां येतात. परंतु अंगच कुजलें असेल, तर मोह सोडावा. भंगाराचें लोखंड पुन्हां वितळून कामास येतें, त्यांत वाईट कांहीं नाहीं. अंगावर जुना रंग असल्यास तो कोरडा खरवडूं नये; जुन्या रंगांत पुष्कळदां शिसें असतें, व त्याची धूळ लहान मुलांस फार अपायकारक होते.

सफाई कोरड्यानें आरंभावी. राख व काजळी झाडावी, पोपडे पत्र्याच्या तुकड्यानें काढावे, मग तारेचा ब्रश व शेवटीं काचकागद फिरवावा. नाकातोंडास फडकें बांधावें. ब्रशाची तुटकी तार जाळींत राहून अन्नांत जाऊं शकते, म्हणून जाळी नीट पुसावी. खोल गंजासाठीं ती जाळी दोन-तीन तास चिंचेच्या कोळांत बुडवावी. पितळेच्या भांड्यांप्रमाणें येथें मीठ मात्र घालूं नये. मिठानें लोखंड अधिक गंजतें. नंतर सोड्याच्या पाण्यानें धुवावी व लगेच उन्हांत किंवा विस्तवावर वाळवावी. लोखंड काळसर दिसूं लागलें म्हणजे पुरे. घट्ट बसलेला काळा थर लोखंडाचें रक्षण करितो. तांबडा तेवढाच शत्रु. चकचकीत करण्याच्या हौसेनें दोन्ही खरवडून टाकणें हें अज्ञान होय.

यापुढील उपाय विदर्भाच्या शेतांतच पिकतो, तो म्हणजे जवस. खाण्याचें शुद्ध जवसाचें तेल जाळीस चोळावें व लावलेलें सर्व काढून टाकावयाचें आहे अशा रीतीनें पुसावें. मग ती उघड्यावर धूर थांबेपर्यंत तापवावी. हें तेल प्राणवायु शोषून कठीण होतें व पातळ काळें कवच बनतें. असें तीन वेळां करावें. एकदांच जाड थर दिला तर तो चिकट राहतो. प्राणवायु शोषतांना हें तेल तापतें, म्हणून तेलाचीं फडकीं गोळा करून ठेवूं नयेत. तीं आपोआप पेट घेतात. तीं शेगडींतच जाळावीं.

पत्र्याच्या शेगडीस आंतून मातीचें लिंपण लागतें. वारुळाची माती, भाताचें तूस व थोडें शेण मळून लिंपावें व सावलींत सावकाश वाळूं द्यावें. पहिला विस्तव लहान असावा. भाजण्यासाठीं लांकडी कोळसा घ्यावा. दगडी कोळशाचा धूर अन्नास लागूं देऊं नये. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरूं नये. तापल्यावर तिचा धूर बाधतो.

पालकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानीं ठेवावी. धगधगत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांत तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट बसतो व झोंपलेल्या माणसाचा प्राण घेतो. दुरुस्त केलेली उत्तम शेगडीहि बंद खोलींत तितकीच घातक होय. थंडींत ऊब मिळावी म्हणून ती आंत नेऊं नये. तिची जागा अंगणांत.

काम झाल्यावर राख काढणें, जाळी पुसणें व पावसाळ्यापूर्वीं तेलाचा हात देणें, एवढी निगा राखिली तर ही शेगडी आणखी एका पिढीस पुरेल. वडिलांनीं दिलेली वस्तु सांभाळावयाची म्हणजे ती जपून ठेवावयाची नव्हे; तिचे गुणदोष ओळखून ती वापरावयाची. न वापरलेल्या लोखंडास गंज लवकर गांठतो.