टीझर, थ्रिलर आणि मावशीचा फोन

गॅदरिंगमध्ये आमचा 'थ्री फेज' हा ४५ सेकंदांचा टीझर दाखवला, तेव्हापासून मेसमध्ये एकच प्रश्न ऐकतोय : "पुढचा पिक्चर कुठाय?" मित्रांनो, पिक्चर अजून लिहूनच व्हायचाय! पण टीझर कसा केला हे विचारणारेही बरेच आहेत, म्हणून हा लेख. त्यासाठी आधी आमच्या पहिल्या टीझरबद्दल सांगावं लागेल. तो आम्ही डिलीट केलाय.

थ्रिलरमध्ये काही गोष्टी ठरलेल्या असतात. रात्र, एकटा माणूस, बंद दार, मागून येणारी पावलं. 'तेच तेच' म्हणून लोक नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. आपण मशीन डिझाइन करताना नट-बोल्ट नव्याने शोधतो का? डेटा बुकातून उचलतो. ही ठरलेली चिन्हंही तशीच. पावलांचा आवाज आला की प्रेक्षक आपोआप सावरून बसतो, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. आणि टीझरमध्ये समजावून सांगायला वेळ असतोच कुठे?

हिचकॉकचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक १५ सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं आणि पात्रं मात्र निवांत गप्पा मारत बसली, तर तो १५ मिनिटं खुर्चीच्या टोकावर. टीझरने एवढंच करायचं. बॉम्ब दाखवायचा, फोडायचा नाही. १९६०च्या 'सायको'च्या जाहिरातपटात तर हिचकॉक स्वतःच वाटाड्या होऊन त्या घरातून फिरवतो आणि इथे काय घडलं ते सांगता सांगता मध्येच थांबतो. सहा मिनिटांहून जास्त वेळ माणूस नुसता फिरतोय, तरी आपण बघतो!

मराठीतही हे जुनं आहे. राजा परांजपे यांच्या १९६४च्या 'पाठलाग'मध्ये मेलेल्या बायकोसारखीच बाई समोर येऊन उभी राहते. त्यावरूनच १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' निघाला. अलीकडच्या 'लपाछपी'ने (२०१७) भीती उसाच्या फडात आणून ठेवली. भरल्या उसात शिरलं की वाट सापडत नाही, हे आपल्याकडच्या पोरांना वेगळं सांगायला नको. चिन्ह जुनंच, पण जागा आपली.

आता आमची फजिती. दिवाळीच्या सुट्टीत मंठ्याला गेलो होतो. आम्ही तिघांनी ठरवलं, सीसीटीव्हीसारखं दिसणारं काहीतरी करायचं. रंग काढून टाकले, कोपऱ्यात तारीख-वेळ टाकली, चित्र थोडं फाटकं केलं. गल्लीत माझा भाचा खेळतोय, दोघं मोटारसायकलवर येतात, त्याला उचलतात आणि जातात. शेवटच्या तीन सेकंदांत सिनेमाचं नाव. टीझरचं नाव शेवटी येतं, हाही नियमच. फारच खरं वाटत होतं. आम्ही खूश! आमच्यातल्या एकाने लगेच ग्रुपवर टाकलं.

तिसऱ्या दिवशी परतूरकडच्या एका खेड्यातून मावशीचा फोन. "आरं, मंठ्यात पोरं धरणारे फिरायलेत म्हनं. व्हिडिओ पाठिवलाय, बघ. बाळाला बाहेर सोडू नका म्हनावं." व्हिडिओ उघडला तर आमचाच! शेवटचे तीन सेकंद कुणीतरी कापलेले. आणि तो 'बाळ' म्हणजे तिचा स्वतःचा नातू. त्याला तिने ओळखलं नव्हतं.

माझे हातपाय गार पडले. कारण हे आधी घडून गेलंय. कराचीच्या रोशनी हेल्पलाइनसाठी २०१६ मध्ये एक जनजागृतीची फिल्म झाली होती. मोटारसायकलवरचे दोघं मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. २०१८ मध्ये पाटीचा भाग कापून तीच क्लिप भारतभर 'खरी' म्हणून फिरली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्यांच्यासारखीच माणसं आमच्या गल्लीतही दरवर्षी येतात. आई त्यांना पीठ वाढते.

तो सगळा दिवस फोन करण्यात गेला. ज्याने ज्याने पाठवलं त्याला खरं सांगायचं, शिव्या खायच्या. काही वाईट घडलं नाही, पण त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

नंतर रात्री बसून विचार केला. १९९९च्या 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'नेही 'हे खरं चित्रण आहे' असाच आव आणला होता. पण तिथे प्रेक्षक तिकीट काढून अंधारात बसलेला. थिएटर हीच पाटी! मोबाइलवर ना तिकीट ना अंधार. वर भाच्याच्या वाढदिवसाचा फोटो, खाली आपला टीझर. तेव्हा 'हा खेळ आहे' हे प्रत्येक फ्रेममध्येच दिसलं पाहिजे, म्हणजे कुठूनही कापा.

'थ्री फेज'मध्ये म्हणूनच नाव पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत कोपऱ्यात आहे. पार्श्वसंगीत सुरुवातीपासून वाजतं. तारीख-वेळ नाही, पोरगं नाही, अनोळखी माणूस नाही. भीती कशाची, तर मोटारीची. शेतीची लाइट रात्री येते आणि ऑटो स्विचमुळे विहिरीवरची मोटार आपोआप सुरू होते, हा आवाज आपल्याकडे सगळ्यांच्या कानातला. आमचा हिरो तिन्ही फ्यूज काढून खिशात घालतो आणि वळतो. चार सेकंद नुसते रातकिडे. मग मोटार सुरू!

शूटिंगच्या आधी पोलीस पाटलांना सांगून ठेवलं होतं. तरी रात्री तुरीच्या कडेला बॅटरी चमकलीच. रानडुकरांसाठी जागलीला आलेले एक बाबा होते. "काय करायलेत रे पोरांनो इथं?" त्यांना जागेवरच बसवून मोबाइलवर कच्चं जोडलेलं दाखवलं.

"यात भ्यायचं काय?" बाबा म्हणाले. "लाइट आली आसंल की."

"बाबा, फ्यूज त्याच्या खिशात हायेत."

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुन्हा लाव बरं."