आकुर्डीतली खोली, चाकणचा ठेकेदार

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र एटीएसने पुणे परिसरातल्या वानवडी आणि आकुर्डीतून तीन बांगलादेशी नागरिकांना अटक केली. प्रकरण नुसत्या बेकायदा वास्तव्याचं नव्हतं. ‘अन्सारुल्ला बांगला टीम’ या बांगलादेशात बंदी घातलेल्या संघटनेच्या माणसांना त्यांनी इथे आसरा दिला, असा आरोप होता. वर्षभराने, मार्च २०१९ मध्ये, बिहार एटीएसने पाटण्यात दोन बांगलादेशींना पकडलं आणि त्यांच्या चौकशीतून पोलीस चाकणला पोहोचले. तिथे ताब्यात घेतलेला तरुण पश्चिम बंगालचा, बांधकामावर मजुरी करणारा. त्याच्यावर ‘जमात-उल-मुजाहिदीन बांगलादेश’शी, म्हणजे जेएमबीशी संबंध असल्याचा संशय होता.

दहशतवाद म्हटलं की आपली नजर पाकिस्तानकडे जाते. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीतल्या स्फोटात १७ जणांचा जीव गेला, त्याआधी मुंबईने २६/११ भोगलं. नजर तिकडे जाणं साहजिकच आहे. पूर्वेकडची वाट मात्र आपल्या लक्षात उशिरा आली.

जेएमबीने आधी घाव घातला तो स्वतःच्याच देशावर. १७ ऑगस्ट २००५ ला बांगलादेशच्या ६४ पैकी ६३ जिल्ह्यांत तासाभराच्या आत सुमारे ५०० बॉम्ब फुटले. माणसाने केलेला कायदा नको, हे त्यांचं म्हणणं होतं. म्हणून न्यायालयं त्यांच्या डोळ्यांत सलत होती. त्याच नोव्हेंबरात झालकाठीत त्यांनी दोन न्यायाधीशांना मारलं. २००७ मध्ये म्होरके फासावर गेले, पण संघटना संपली नाही. २ ऑक्टोबर २०१४ ला पश्चिम बंगालमधल्या बर्धमानजवळ खागरागड इथे भाड्याच्या घरात बॉम्ब बनवताना स्फोट झाला, दोघे मेले आणि जेएमबीने सीमेच्या अलीकडे बस्तान बसवल्याचं उघड झालं. अन्सारुल्लाचं लक्ष्य होतं लिहिणारी माणसं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ढाक्यातल्या पुस्तक जत्रेतून बाहेर पडलेल्या लेखक अविजित रॉय यांना भर रस्त्यात कोयत्याने तोडलं गेलं. न्यायाधीश आणि लेखक: लोकशाहीत ज्यांनी निर्भय असायला हवं, नेमके तेच.

अशा लोकांना आकुर्डी-चाकण का सोयीचं वाटावं? चाकणभोवतीच्या महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांत जमिनी एमआयडीसीत गेल्या आणि उरलेल्या तुकड्यावर शेतकऱ्यांनी खोल्या बांधल्या. एकेका खोलीत चार-पाच जण, पाळीप्रमाणे झोपणारे. डिपॉझिट मिळालं, भाडं वेळेवर आलं, की घरमालक फारसं विचारत नाही. कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार मुकादमाकडे, आणि मुकादमाला हवी असतात फक्त सकाळी हजर होणारी माणसं. २०१८ च्या प्रकरणात बॉम्ब नव्हता. होती ती खोट्या कागदपत्रांवर मिळवलेली भारतीय ओळखपत्रं आणि त्यांवर मिळालेलं काम. पुढे एनआयएने तपास हाती घेतला आणि मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपींपैकी काहींना दोषी ठरवून पाच वर्षांची सक्तमजुरी दिली.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. नदिया, मालदा, मुर्शिदाबादहून आलेला बंगाली मुसलमान मजूर आपलाच नागरिक आहे. त्याच्या बोलीवरून त्याला ‘बांगलादेशी’ ठरवून खोलीबाहेर काढणं हा अन्याय आहेच, शिवाय घातकही आहे. शेजारच्या खोलीत नवा आलेला माणूस कोण, काय बोलतो, हे पोलिसांच्या आधी त्यालाच कळतं. तो पोलीस चौकीची पायरी चढायला घाबरला, तर खबर येणार कुठून? कच्च्या पुराव्यावर आरोप ठेवले की काय होतं, हे जर्मन बेकरी खटल्याने दाखवलं आहे. खालच्या न्यायालयाने ज्याला फाशी सुनावली, त्याला मार्च २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने स्फोटाच्या मुख्य आरोपांतून सोडलं. स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम राहिली.

१५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं आणि चाकण त्यात आलं. भाडेकरूची माहिती पोलिसांना न देणाऱ्या घरमालकांवर गुन्हे दाखल होतात, ते योग्यच आहे. पण बडगा बहुतेकदा दोन खोल्या भाड्याने देणाऱ्यावरच पडतो. परराज्यातून मजूर आणणाऱ्या ठेकेदाराने त्यांची नोंदवही ठेवावी, हे कायद्याने १९७९ मध्येच सांगितलं होतं. ती वही खरी आहे का, हे तपासायला कामगार खात्याने आणि मोठ्या कंपन्यांनी चाकणच्या गेटवर उभं राहायला हवं.