विळीला पाणी

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत रविवारचा बाजार भरलाय. भाजीवाल्यांच्या रांगा संपतात तिथं रस्त्याकडेला भट्टी पेटलीय. भट्टी म्हणजे हातभर खळगा, त्यात खालून शिरलेली लोखंडी नळी आणि नळीच्या टोकाला हातानं फिरवायचा पंखा. पंख्यापाशी म्हातारी बसलीय, तिचा मुलगा ऐरणीपाशी, आणि सून घण घेऊन उभी. ऊन लख्ख असतानाही मुलगा वरची ताडपत्री आणखी खाली ओढून घेतो. लोखंड किती तापलंय हे त्याच्या रंगावरून ओळखायचं असतं, आणि उन्हात तो रंग दिसत नाही.

हे घिसाडी. सरकारी यादीत भटकी जमात, गावोगाव बिऱ्हाड हलवत फिरणारे लोहार. पूर्वी बैलगाडी असायची, आता टेंपो आहे.

खंडेनवमी तोंडावर आलीय. त्या दिवशी खुरप्यापासून लेथ मशीनपर्यंत सगळं पुजलं जातं, उद्यमनगरातल्या कारखान्यांतसुद्धा. पाठोपाठ ऊसतोडीचा हंगाम. त्यामुळं पुढ्यातल्या ढिगात कोयते सगळ्यांत जास्त. शिवाय कुऱ्हाडी, टोक झिजून बोथट झालेला एक टिकाव, खिळा ढिला झालेला अडकित्ता. प्रत्येकावर खडूची खूण. एक शेतकरी टिकाव उचलून दाखवतो, "मामा, हे शेवटून पायजे बगा, आजच्या आज." मामा, म्हणजे म्हातारीचा मुलगा, मान हलवतात. शेवटायचं म्हणजे झिजलेलं टोक तापवून, ठोकून पुन्हा लांबवायचं. नवा टिकाव घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि जुनं लोखंड त्या शेतकऱ्याच्या हाताला माहीत आहे.

एक बाई पिशवीतून विळी काढते. पाट काळा पडलेला, खवणीचे दोन दाते तुटलेले.

"सासूबाईंच्या लग्नातली हाय ओ. आता टोमॅटोसुद्धा चिरंना झालीय."

मामा पात्यावरून अंगठा आडवा फिरवतात. मग पातं तिरकं धरून बघतात. धारेलगत निळसर डागांची ओळ आहे.

"मशीनवर धरलीवती काय?"

"दारात आलावता एक पोरगा. ठिणग्या उडवत लावून दिली की त्यानं."

"तरीच. पाणी उतरलंय हिचं, मावशी. नुसती धार लावून काय उपयोग न्हाई."

पोरग्याच्या यंत्राचं चाक मिनिटाला दोन-अडीच हजारांवर फेरे घेतं. पातळ धार त्यावर कोरडी दाबून धरली की क्षणात तापते. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास निळं पडतं, आणि तिथून पुढं जितकं तापेल तितकं मऊ होत जातं. धार त्या दिवशी झक्क दिसते, आठवड्यात मरते. मग पुन्हा पोरगा, पुन्हा ठिणग्या. अशा चार फेऱ्यांत सासूबाईंच्या वेळची विळी बोटभर रुंदीची उरते. घरोघर हे चाललंय आणि दोष मात्र जुन्या लोखंडाला मिळतो, याचा मला राग येतो.

मामा पातं पाटातून ठोकून सोडवतात. आधी विटकरीच्या तुकड्यानं गंज घासून काढतात, मग पातं निखाऱ्यांत सरकवतात. कोळसा लोणारी आहे, लाकडाचा. म्हातारीचा हात एका लयीत फिरतो. पंखा जोरात फिरवला तर पातळ धार आधी जळून जाईल, म्हणून मामा मधूनच नुसती हनुवटी हलवतात आणि वारा कमी होतो. सांडशीनं पातं ऐरणीवर येतं. मामांचा छोटा हातोडा जिथं टक् करतो, तिथंच पुढचा घाव सुनेच्या घणाचा. बोलणं काही नाही. हातोडा ऐरणीच्या कडेवर आडवा वाजला की ती थांबते. वाकलेलं पातं सरळ होतं, धारेची बाजू पातळ होते. मग कानस. खवणीचे तुटलेले दाते मामा छिन्नीनं नव्यानं पाडतात.

आता खरं काम. पातं पुन्हा आगीत. रंग काळपट लाल, मग डाळिंबाच्या दाण्यासारखा. लोखंड ७७० अंशांना पोचलं की त्याला चुंबक धरत नाही; पाणी द्यायची वेळ त्याच्या जरा पुढं येते. कारखान्यात याला मीटर लावतात. मामा ताडपत्रीच्या सावलीत मान वाकवून बघतात आणि पातं उचलतात. घमेल्यातल्या पाण्यात फक्त धारेची दोन बोटं बुडवतात, पाठ बाहेर. चर्र आवाज होतो. लगेच बाहेर काढून निसण्यावर दोनदा घासतात, तेवढी पट्टी चकचकीत होते. पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडं उतरू लागते आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग सरकत येतो. आधी फिकट पिवळा, मग तांबूस, त्यामागून जांभळा.

"कोयत्याला जांभळा येऊ द्यायचा," मामा नजर न हलवता म्हणतात. "उसाच्या बुडख्यावर घाव बसतोय, लई कडक ठेवला तर तुकडा पडंल. विळीला पिवळ्यावर थांबायचं."

पिवळा रंग धारेला टेकतो आणि पातं सगळंच्या सगळं पाण्यात जातं.

पलीकडं सायकलवर सहाण बसवलेला धारवाला उभा आहे. तो पायानं चाक फिरवतो, आगीशी त्याचा संबंध नाही. शिंप्यांच्या कात्र्या त्याच्याकडं. चाक हळू फिरतं आणि डब्यातून त्यावर पाण्याचा थेंब पडत राहतो, म्हणून धार जळत नाही. मामा स्वतः काही गिऱ्हाइकं तिकडं पाठवतात.

सुभाषनगरातून आलेला एक चप्पल कारागीर रापी दाखवतो. पातं निम्मं झिजलंय, तरी त्याला नवी नको. "हिच्याच वळणावर हात बसलाय," एवढंच तो म्हणतो. म्हशीच्या कातड्याचा जाड तळ कापायचा तर रापी दाढीच्या वस्तऱ्याच्या तोडीची लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत तसल्याच चपला दिसल्या आणि केवढी चर्चा झाली. त्या चर्चेत रापीचं नाव कुणी काढल्याचं मला आठवत नाही. मामा रापीला भट्टी दाखवत नाहीत. पोलादात दम आहे म्हणतात, आणि नुसत्या निसण्यावर पाण्याचा हात देऊन परत करतात. पैसेही निम्मेच घेतात.

मग तालमीतला एक पोरगा कापडात गुंडाळलेला पट्टा घेऊन येतो. मर्दानी खेळ खेळणारा. दसऱ्याला पट्टा चमकायला हवा. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाल्यापासून तालमीत उत्साह आहे, हे तोच सांगतो. पण पात्यावर गंजाचे फोड आलेत. "भट्टीत घालून नवा करा की, मामा."

मामा पट्ट्याचं टोक धरून हलकेच वाकवतात, सोडतात. पातं सरळ होतं.

"ह्याला आग दाखवली तर ह्यो लवचिकपणा जाईल. परत मी आणू शकणार न्हाई." ते उठत नाहीत, पातं परत कापडात गुंडाळतात. "राख आणि गोडंतेल घे, चिंधीनं घास. दोन दिवस लागतील. काळे डाग ऱ्हायले तर ऱ्हाऊ दे."

पोरगा हिरमुसतो. मला मात्र मामांच्या सगळ्या कामात हे न केलेलं काम उजवं वाटतं. हौशी लोक जुनं हत्यार आरशासारखं करायच्या नादात त्याचं निम्मं लोखंड घासून टाकतात.

विळी पाटात परत बसते. बाई मामांच्याच पुढ्यात पडलेली गाजराची शेंडी उचलून धारेला लावते, आणि काही न बोलता पैसे काढते.

तुमच्या माळ्यावर अशी विळी, अडकित्ता किंवा आजोबांचा कोयता पडून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा भट्टीवर दाखवा. मशीनवर फिरवून आणला असेल तर तेही सांगा, लपवू नका. फक्त नवमीच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी ऐरणीची आणि घणाची पूजा असते, भट्टी पेटत नाही.