सूक्ष्म छिद्रांतून पार होणारा प्रकाश

प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळच लहान असलेल्या छिद्रातून प्रकाश जवळजवळ पार जात नाही, हे हान्स बेथे यांनी १९४४ साली गणिताने दाखवून दिले. छिद्राचा व्यास निम्मा केला, की त्यावर पडलेल्या प्रकाशाचा पार जाणारा अंश पूर्वीच्या एक-षोडशांश उरतो. मात्र हा हिशेब एकट्या छिद्राचा होता.

१९९८ साली थॉमस एबेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वार्ट्‌झवर चढविलेल्या चांदीच्या २०० नॅनोमीटर जाडीच्या थरावरील प्रयोग प्रसिद्ध केला. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश.) थरात १५० नॅनोमीटर व्यासाची छिद्रे, ९०० नॅनोमीटर अंतराने, चौरस रांगांत पाडलेली होती. पृष्ठभागाचा शेकडा दोनहून किंचित अधिक एवढाच भाग त्यांनी व्यापला होता. तरीही १३७० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पलीकडे मोजला, तेव्हा तो छिद्रांवर प्रत्यक्ष पडलेल्या प्रकाशाहून अधिक भरला! जास्तीचा प्रकाश छिद्रांमधल्या धातूवर पडलेला होता, हे उघड आहे. परंतु तो छिद्रांपर्यंत पोहोचला कसा?

धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांची सामूहिक आंदोलने आणि प्रकाशाचे विद्युत्‌क्षेत्र यांच्या संयोगातून धातूच्या पृष्ठभागालगत धावणारी एक लहर निर्माण होऊ शकते. तिला पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणतात. समान कंप्रतेला या लहरीची लांबी प्रकाशाच्या तरंगलांबीहून कमी असते. दोन कंगव्यांचे दाते एकमेकांत बसू नयेत तशी ही स्थिती; म्हणून गुळगुळीत थरावर पडलेला प्रकाश ती जागवू शकत नाही. छिद्रांच्या समान अंतरावरील रांगा ही उणीव भरून काढतात. मग ऊर्जा पृष्ठभागावरून छिद्रांकडे वाहते, छिद्रांतून पलीकडे झिरपते आणि तेथे त्याच रांगांमुळे पुन्हा प्रकाशरूपाने सुटते. वाटेत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धातूतच मुरते, ती वेगळी.

या स्पष्टीकरणाची कसोटी साधी, पण निर्णायक होती. तशीच छिद्रे जर्मेनियमच्या थरात पाडली, तेव्हा हा परिणाम दिसलाच नाही. छिद्रांतील अंतर बदलले, की पार जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही बदलते.

तथापि सारे श्रेय प्लाझ्मॉनांना देणे घाईचे ठरले असते. छिद्रांच्या कडांवरून विखुरणाऱ्या इतर लहरीही या वहनात भाग घेतात, आणि अवरक्त भागात जसजसे पुढे जावे तसतसा प्लाझ्मॉनांचा वाटा घटत जातो, असे २००८ सालच्या विश्लेषणातून पुढे आले.