जुन्या काचेआड नीलपंख

घराच्या भिंतीवर पशुपक्ष्यांचे एखादे लहानसे चित्र असावे अशी हौस पुष्कळांस असते. परंतु नव्या फ्रेमेची किंमत ऐकली की ती हौस मागे पडते. वास्तविक जामबागेच्या आसपास राहणाऱ्यांस हा खर्च करण्याचे कारण नाही. रविवारी आबिदच्या पदपथांवर जुनी मासिके मिळतात, गुरुवारी जुमेरात बाजारात जुन्या फ्रेमा मिळतात, आणि घरच्या माळ्यावरही दोनचार पडलेल्या असतातच. आम्ही शाळेतील मुलांकडून अशी चित्रे करून घेतो. तीच रीत येथे सांगतो.

फ्रेम घेताना लाकडास बारीक भोके असून त्यांतून पीठ गळत असेल तर ती किडकी समजून सोडून द्यावी. काचेच्या कडेचा टवका चालेल, मध्ये चीर नको. फ्रेम घरचीच असेल तर आतला फोटो कोणाचा, हे वडीलधाऱ्यांस विचारून तो नाव लिहून पाकिटात जपून ठेवावा. मागच्या चुका पकडीने काढणे व काच धुणे ही कामे मोठ्यांनी करावीत. धुतलेली काच पूर्ण कोरडी झाल्याखेरीज पुढे जाऊ नये.

आता मुख्य गोष्ट. चित्र काचेस टेकता कामा नये. पावसाळ्यात आत दमटपणा धरतो, फोटोचा थर मऊ होऊन काचेस चिकटतो, आणि सोडवू गेल्यास चित्रच फाटते. म्हणून दोहोंमध्ये जाड कागदाची खिडकी ठेवावी. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद यास फार चांगला. फ्रेम ६ × ८ इंचांची व फोटो ४ × ६ इंचांचा असल्यास खिडकी ३.५ × ५.२५ इंच कापावी. दोन्ही बाजूंस व वर १.२५ इंच आणि खाली १.५ इंच जागा सोडावी. खाली थोडी अधिक सोडल्याने चित्र घसरल्यासारखे दिसत नाही.

फोटो सगळीकडून चिकटवू नये. हवेप्रमाणे कागद फुगतो व आखडतो. चारही बाजू जखडल्या तर त्यास सुरकुत्या पडतात. वरच्या कडेस पातळ कागदाच्या दोन पट्ट्या पुरतात. खळ अगदी थोडी लावावी, कारण तिच्या वासाने कसर येते. पाठीस खोक्याचा पुठ्ठा लावण्यापूर्वी मध्ये स्वच्छ पांढरा कागद घालावा, नाहीतर पुठ्ठ्याचा पिवळेपणा फोटोत उतरतो. फ्रेमेच्या खालच्या कोपऱ्यांस मागून बुचाचे तुकडे लावल्यास ओल्या भिंतीपासून ती सुटी राहते. थेट ऊन लागेल तेथे टांगू नये, रंग उडतात.

चित्र कोणते निवडावे? सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे १९०२ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात वरंगळकडे शिकारीस आलेले व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन पत्नीसह उभे आहेत, आणि पुढे मारलेला वाघ पडला आहे. त्या काळी दिवाणखान्यात वाघ आला तो बहुधा असा मरूनच. आज जिवंत वाघाचे चित्र जुन्या मासिकातही मिळते.

आमच्या मुलांचा आवडता पक्षी मात्र नीलपंख. हा तेलंगणाचा राज्यपक्षी. बसलेला असताना तो तपकिरी, साधासा दिसतो. निळाई उघडते ती उडताना. म्हणून उडत्या नीलपंखाचेच चित्र घ्यावे. दसऱ्यास त्याचे दर्शन शुभ मानतात. त्यापायी काही लोक हे पक्षी पकडून, पंख बांधून, पिंजऱ्यातून दारोदार दाखवीत फिरतात आणि त्यात कित्येक मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांस पकडणे गुन्हा आहे. तरी पैसे देणारे हात आहेत तोवर पिंजरे येत राहणार.

तेव्हा या दसऱ्यापूर्वी प्रत्येक घरी एक नीलपंख काचेआड बसवावा. फ्रेमेच्या पाठीस मुलांनी त्याची नावे लिहावीत : मराठीत नीलपंख, तेलुगूत पालपिट्ट, हिंदी-उर्दूत नीलकंठ. दारी पिंजरा आला तर घरचे चित्र दाखवून त्या माणसास रिकाम्या हाती परत पाठवावे.