ओसरी, माजघर आणि हळदीचे पेव

सांगलीजवळचे हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीखालचे कोठार; तोंड अरुंद, पोट मोठे. तोंड बंद केले की माल वर्षानुवर्षे सुरक्षित. नमुना पेढीवर, माल पेवात! २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली. पण त्यांमागचे शहाणपण काही वाहून गेलेले नाही. उलट संगणकाच्या या युगात त्याची गरज वाढली आहे.

आज शाळा, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था, साऱ्यांची संकेतस्थळे आहेत. ती ज्या यंत्रावर राहतात तो सर्व्हर. त्यावरचे एक फोल्डर जगासाठी खुले असते. त्यातल्या फाइलचा नेमका पत्ता जो टाकील त्याला ती मिळते, 'आपण कोण?' असे सर्व्हर आपणहून विचारीत नाही. मग विद्यार्थिनींचे मोबाइल नंबर, घरचे पत्ते, बँक खाती असलेली यादी तिथेच ठेवली, तर ती साताऱ्याच्या जुन्या वाड्यात तिजोरी ओसरीवर मांडण्यासारखीच गोष्ट झाली!

कोणी म्हणेल, "पण त्या फाइलचा दुवा आम्ही कुठेच दिलेला नाही!" वाचकहो, दार लोटून घेणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. पत्ता तर्काने सापडतो, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कित्येकदा सर्व्हर स्वतःच फोल्डरातील फाइलींची यादी पाहुण्यापुढे ठेवतो. १९९४ पासून रूढ असलेली 'रोबोट्स' नावाची फाइल शोधयंत्रांना "इकडे येऊ नका" अशी विनंती करते. पण विनंती सज्जनच मानतात, आणि चोराला मात्र त्या पाटीवरून दिशा कळते!

ही भीती काल्पनिक नाही. मे २०१७ मध्ये एका संशोधन संस्थेने केवळ चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. तिथे कोणी घरफोडी केली नव्हती. दारच उघडे होते.

उपाय साधे आहेत. खाजगी फाइल खुल्या फोल्डरात ठेवूच नये. ती बाहेर, पेवात असावी. मागणाऱ्याची ओळख आणि अधिकार तपासूनच प्रोग्रामने ती काढून द्यावी. फोल्डरची यादी दाखवणे बंद करावे. जुन्या प्रती खुल्या जागी विसरू नयेत. आणि काम संपलेली माहिती पुसून टाकावी. जी नाहीच, ती चोरीला कशी जाणार?

आपल्या संस्थेच्या पुढच्या सभेत एवढेच विचारा : आमची नावनिशी ओसरीवर आहे की पेवात? उत्तर देताना चिटणीस अडखळले, तर समजा, प्रश्न अगदी वेळेवर विचारला गेला.